अधिकाऱ्याची जीभ आणि सरकारचा न्याय



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला यंदा निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार-कायद्यावर बोलू अशी त्यांची समजूत होती. आमचा विषय ऐकून ते थोडे बिचकले. जर्मनीतला कोणी सभापती किंवा अमेरिकेतला कोणी सेनापती ज्यू लोकांविषयी काही बोलला आणि त्याच्या सरकारने त्याचे काय केले, याच्याशी आपल्या गावच्या श्रोत्यांना काय कर्तव्य, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता, तेव्हा आधी त्याचे उत्तर देतो.

आमच्या आयुष्याची तीसएक वर्षे चौकश्यांत गेली. कामगार काहीतरी बोलतो, कोणीतरी ते वर कळवितो, मग आरोपपत्र येते, निलंबन होते आणि एखाद्या कोंदट खोलीत चौकशीचे टेबल मांडले जाते. त्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसून आम्ही काय शिकलो असू तर चार प्रश्न विचारायला शिकलो. मनुष्य नेमके काय बोलला? कोठे आणि कोणत्या नात्याने बोलला? त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले काय? आणि शिक्षा अपराधाच्या मापाची आहे काय? आम्ही कॉलेज पाहिले ते बाहेरून. आमचे शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयाच्या बाकावर. तेथे परदेशचा अलीकडचा इतिहास वाचताना मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या जिभेची ही प्रकरणे आमच्या हाती लागली, आणि आम्हांला वाटले की आपले चार प्रश्न येथेही लावून पाहावेत. मालक मोठा असो की लहान, नोकर सेनापती असो की जॉबर, चौकशी ती चौकशीच.

दुसरे असे की, ज्यूद्वेष म्हणजे काय हे महाराष्ट्रात समजावून सांगावे लागते, ही आपली भाग्याची गोष्ट आहे. आपल्या कोकणात बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. त्यांची भाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, ते कोणी हाकलले म्हणून नव्हे. आणि तेथे जाऊनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले.

युरोपची गोष्ट निराळी. तेथे कित्येक मुलखांत ज्यूंना जमीन घेऊ देत नसत, कारागिरांच्या संघात शिरू देत नसत. मग उरला तो सावकारीचा आणि किरकोळ व्यापाराचा धंदा. तो त्यांनी केला की त्याबद्दल त्यांनाच दूषण. एकोणिसाव्या शतकात या जुन्या द्वेषाला नवा पोशाख मिळाला: बँका त्यांच्या, वर्तमानपत्रे त्यांची, सरकारे त्यांच्या खिशात. १९०३ साली रशियात एक बनावट मजकूर छापला गेला. जगावर राज्य करण्याचा ज्यूंचा गुप्त कट म्हणून तो देशोदेशी फिरला. १९२१ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने ती लबाडी उघडी पाडली, तरी तो मजकूर खपतच राहिला. पुढे जर्मनीत हिटलरचे राज्य आले. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्यास आरंभ झाला. त्यानंतर महिना झाला नाही तोच १ मे हा दिवस सरकारने मोठ्या थाटाने कामगारांचा सण म्हणून पगारी सुटीसह साजरा केला, आणि २ मे रोजी कामगार-संघांच्या कचेऱ्यांवर धाडी घालून त्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना धरले. आमच्यासारख्या माणसाला या दोन तारखा एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. सरकारी खुर्चीवरचा मनुष्य एखाद्या जमातीविषयी काय बोलतो याला वजन असते ते यामुळे. त्याच्या मागे शिक्का असतो, शिपाई असतो.

आता प्रकरणांकडे वळू.

जनरल जॉर्ज ब्राउन हे अमेरिकेच्या तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे गणवेशातले सर्वांत मोठे अधिकारी. १० ऑक्टोबर १९७४ रोजी ड्यूक विद्यापीठात ते बोलावयास गेले. वर्षापूर्वीच अरब-इस्रायल युद्ध झाले होते. अमेरिकेने विमाने भरभरून इस्रायलला शस्त्रे धाडली होती, आणि त्या वेळी हवाई दलाचे प्रमुख हेच ब्राउन होते. मग अरबांनी तेल रोखले. पुन्हा तेल रोखले गेले तर काय, असा प्रश्न श्रोत्यांतून आला. उत्तर देताना सेनापतींची जीभ सैल सुटली. काँग्रेसवर इस्रायलचे वजन इतके आहे की सांगून खरे वाटणार नाही, असे ते म्हणाले; आणि तेवढ्यावर न थांबता, या देशातल्या बँका आणि वर्तमानपत्रे ज्यूंच्या मालकीची आहेत, असेही बोलून गेले.

या दोन वाक्यांत फरक आहे. पहिले वाक्य राजकारणाविषयी आहे. खरे असो की खोटे, त्यावर वाद घालता येतो. दुसरे वाक्य म्हणजे रशियातल्या त्या बनावट मजकुराचे पिल्लू आहे. महिनाभराने, नोव्हेंबरच्या मध्यास, ते वर्तमानपत्रांत आले आणि गहजब झाला. अध्यक्ष फोर्ड यांनी सेनापतींना बोलावून कानउघाडणी केली, सेनापतींनी माफी मागितली आणि ते आपल्या जागेवर राहिले. १९७६ साली फोर्ड यांनी त्यांची त्याच पदावर पुन्हा नेमणूकही केली. त्याच वर्षी ऐन निवडणुकीच्या तोंडावर त्यांची एक मुलाखत छापून आली; इस्रायल हा लष्करी दृष्टीने अमेरिकेवर बोजा आहे, असे तीत होते. पुन्हा तेवढाच गहजब झाला, पुन्हा खेद व्यक्त झाला. आमच्या मते १९७६ चे वाक्य हे कोठारातली शस्त्रे मोजणाऱ्या माणसाचे मत होते, बरोबर म्हणा की चूक. १९७४ चे वाक्य हा एका जमातीवरचा कलंक होता. परंतु गहजब करणाऱ्यांनी दोन्ही एकाच पारड्यात टाकली, आणि सरकारनेही दोन्ही एकाच पद्धतीने मिटविली. ब्राउन १९७८ साली दुखण्याने निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वारले.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. ऐन तारुण्यात एका गेटसभेत कंत्राटदाराविरुद्ध बोलताना आम्ही त्याच्या जातीचे नाव घेऊन, ‘हे लोक रक्त पिऊनच मोठे होतात’, असे म्हटले. टाळ्या भरपूर पडल्या. सभा संपल्यावर साचेखात्यातला एक वयस्कर कामगार जवळ आला आणि म्हणाला, “भाऊ, मीही त्याच जातीचा. चौदा दिवस संपावर आहे. घरात ज्वारी नाही.” एवढेच बोलून तो गेला. आम्हांला कोणी आरोपपत्र दिले नाही, कारण आम्ही कोणाचे नोकर नव्हतो. परंतु ब्राउनसाहेबांचे वाक्य वाचले तेव्हा तो म्हातारा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. न्यू यॉर्कच्या शिवणखान्यांत किती ज्यू कामगार राबले, त्यांनी किती संप केले, हे त्या सेनापतींना कोणी सांगितले नसावे.

ब्राउन यांची बदली तर सोडाच, पगारवाढही थांबली नसेल. आता त्याच देशातले पाच वर्षांनंतरचे प्रकरण पाहा. अँड्र्यू यंग हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी. २६ जुलै १९७९ रोजी कुवेतच्या प्रतिनिधीच्या घरी ते पॅलेस्टाइन मुक्ति-संघटनेच्या निरीक्षकाला भेटले. त्या संघटनेशी बोलणी करणार नाही, असे वचन अमेरिकेने १९७५ साली इस्रायलला दिलेले होते. भेटीची बातमी फुटली. यंग यांनी आपल्या परराष्ट्र खात्याला आधी अर्धीच हकीकत सांगितली होती, हा त्यांचा दोष खराच. १५ ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. ज्यू समाजाविषयी त्यांनी एकही वाईट शब्द काढलेला नव्हता. एका अधिकाऱ्याने एका समाजावर डाग लावला, त्याला ताकीद. दुसरा एका शत्रूशी चहा घेताना सापडला, त्याची खुर्ची गेली. कारण पहिल्याच्या बोलण्याने सरकारची अब्रू गेली होती, दुसऱ्याच्या भेटीने सरकारचा करार मोडला होता. अब्रू धुऊन निघते असे सरकारांना वाटते. कराराचे तसे नसते.

हे झाले लोकशाहीतले. परंतु बोलणारा स्वतःच सरकार असेल तर त्याला ताकीद कोण देणार? १९ जून १९६७ रोजी वॉर्सा येथे पोलंडच्या कामगार-संघांची काँग्रेस भरली होती. इस्रायलने सहा दिवसांचे युद्ध नुकतेच जिंकले होते. सत्तारूढ पक्षाचे प्रमुख गोमुल्का व्यासपीठावर आले आणि देशातल्या काही ज्यू नागरिकांना उद्देशून त्यांनी ‘पाचवी फळी’ हे शब्द वापरले. पक्षातल्या वरिष्ठांनाच ते फार झाले, आणि छापील भाषणातून ते शब्द गाळले गेले. पण रेडिओवर देशाने ते ऐकले होते, आणि खालच्या अधिकाऱ्यांना इशारा पोचला होता. १९६८ साली खात्याखात्यांतून, विद्यापीठांतून, सैन्यातून ज्यू माणसे वेचून काढली जाऊ लागली, आरोप ‘झायोनवादा’चा. परराष्ट्रमंत्री रापात्स्की यांना आपल्या खात्यातली ही निवडानिवड मान्य नव्हती. त्यांनी कामावर येणे सोडले आणि वर्षअखेरीस त्यांचे मंत्रिपद गेले. पुढच्या दोनतीन वर्षांत तेरा हजारांच्या आसपास ज्यूंनी पोलंड सोडला. ज्या देशात युद्धापूर्वी तीस लाखांवर ज्यू होते, त्या देशातली ही शिल्लक. ही सुरुवात कामगारांच्या व्यासपीठावरून झाली, याची आम्हांला लाज वाटते. तेथे बसलेल्या प्रतिनिधींपैकी कोणी उठून उभा राहिला असता तर काय झाले असते, याचा विचार अजूनही मनातून जात नाही.

आता जर्मनी. जेथे हे पाप सर्वांत मोठे झाले तेथेच त्याबद्दलची दक्षताही सर्वांत मोठी असावी, हे साहजिक आहे. तथापि दक्षता आणि न्याय या दोन वस्तू नेहमी हातात हात घालून चालतात असे नाही.

३ ऑक्टोबर २००३ रोजी हेसेन प्रांतातल्या नॉयहोफ या लहानशा गावी मार्टिन होमान नावाच्या खासदाराने भाषण केले. ते ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे, त्याच गावचे माजी नगराध्यक्ष. रशियन क्रांतीत ज्यूंचा वाटा मोठा होता, मग जर्मनांना अपराधी राष्ट्र म्हणायचे तर ज्यूंनाही तसे का म्हणू नये, अशी मांडणी त्यांनी केली. आणि शेवटी, दोघेही तसे नाहीत, असा निष्कर्ष काढला. आधाराला हेन्री फोर्डचे जुने ज्यूद्वेष्टे पुस्तकही घेतले. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून ते आपला बचाव करीत राहिले. आम्ही अशा वाक्यरचना पुष्कळ पाहिल्या आहेत: आधी पाऊण तास चिखल उडवायचा आणि उतरताना रुमालाने हात पुसायचे.

महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस बातमी फुटली. पक्षाच्या पुढारी अंगेला मेर्केल यांनी आणि पक्षाने होमान यांना ठपका दिला, त्यांची समिती बदलली, आणि विषय संपला असे मानले. इतक्यात एक पत्र बाहेर आले. सैन्याच्या विशेष दलाचे प्रमुख जनरल राइनहार्ट ग्युंत्सेल यांनी सरकारी कागदावर होमान यांना लिहून त्या भाषणाच्या धैर्याची आणि स्पष्टपणाची वाखाणणी केली होती. ४ नोव्हेंबरला ते दूरचित्रवाणीवर आले आणि त्याच दिवशी संरक्षणमंत्री श्ट्रुक यांनी सेनापतींना घरी बसविले. जर्मन कायद्याप्रमाणे वरच्या श्रेणीच्या सेनाधिकाऱ्यांना कारण न देता निवृत्त करता येते; तेव्हा बेकायदा काही झाले नाही. सरकारी कागद वापरून सेनापतीने असल्या भाषणाची पाठ थोपटावी, हे मंत्र्याने सहन करू नये हेही खरे. सेनापतींबद्दल आम्हांला लवमात्र सहानुभूती नाही. तरीदेखील सकाळी गुन्हा आणि संध्याकाळी फाशी, या तऱ्हेकडे आम्ही संशयाने पाहतो, कारण ही तऱ्हा सेनापतींपासून सुरू झाली तरी शिपायापर्यंत उतरते.

याचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. सेनापती गेल्यावर, मग खासदार कसा राहिला, असा प्रश्न सर्वत्र झाला. दहा दिवसांपूर्वी ज्या भाषणाला ठपका पुरेसा होता, त्याच भाषणासाठी १४ नोव्हेंबरला होमान यांना संसदीय गटातून दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी काढून टाकण्यात आले. पुढच्या वर्षी पक्षातूनही काढले. भाषणात एक अक्षर वाढलेले नव्हते. वाढला होता तो बाहेरचा आवाज. एकाच अपराधाला दोन शिक्षा देऊ नयेत हे आमच्याकडे गिरणीचा वेळकारकूनसुद्धा जाणतो. होमान न्यायालयांत गेले आणि हरले. २०१७ साली ते आणखी उजव्या पक्षातर्फे संसदेत परत आले.

नियमाप्रमाणे चौकशी झाल्याचे एक प्रकरण लंडनचे आहे. महापौर केन लिव्हिंगस्टन फेब्रुवारी १९०५ च्या नव्हे, २००५ च्या एका रात्री समारंभातून बाहेर पडत होते (शंभर वर्षांची ही चूक आमच्या टिपणातली, व्यासपीठावर तिने बराच हशा मिळविला, म्हणून राहू दिली). ज्या वर्तमानपत्रावर त्यांचा राग होता त्याच्या बातमीदाराने त्यांना गाठले. तू जर्मन युद्धगुन्हेगार होतास काय, असे महापौरांनी विचारले. आपण ज्यू आहोत, असे तो म्हणाला, तरी त्याला छळछावणीच्या पहारेकऱ्याची उपमा दिली. माफी मागण्यास ते तयार झाले नाहीत. ज्यू समाजाच्या प्रातिनिधिक संस्थेने तक्रार केली, रीतसर न्यायमंडळ बसले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये चार आठवड्यांच्या निलंबनाची शिक्षा झाली. ती अमलात येण्याआधीच न्यायालयाने थांबविली आणि ऑक्टोबरमध्ये रद्द केली. त्या वेळी ते महापौर या नात्याने वागत नव्हते, असे न्यायमूर्तींनी म्हटले. त्या शब्दांचे समर्थन मात्र केले नाही. शब्द वाईटच होते. पण तक्रार, सुनावणी, शिक्षा, अपील हे चारही टप्पे येथे झाले, आणि लंडनच्या मतदारांनी निवडलेला मनुष्य तीन नेमलेल्या माणसांनी घरी बसविला नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा विषय आम्ही घेतला त्याकडे येतो. फिलिप येनिंगर हे पश्चिम जर्मनीच्या संसदेचे सभापती. चॅन्सेलर कोल यांचे निकटचे सहकारी, इस्रायलचे स्नेही म्हणून ओळखले जाणारे. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत शेकडो प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, तीस हजारांच्या आसपास ज्यू पुरुषांना छावण्यांत नेले, आणि वर ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसविला. या घटनेला पन्नास वर्षे झाली म्हणून १० नोव्हेंबर १९८८ रोजी बॉन येथे संसदेची खास सभा भरली. संसद त्या वेळी पाणीपुरवठ्याच्या एका जुन्या इमारतीत भरत असे. ज्यू नटी ईडा एरे यांनी पाउल त्सेलान या कवीची छावण्यांवरची कविता म्हटली, आणि मग सभापती बोलावयास उभे राहिले.

अशा दिवशी शोक करावा, मान खाली घालावी, एवढीच सभेची अपेक्षा. येनिंगर यांनी निराळेच काम अंगावर घेतले. मेलेल्यांविषयी सगळेच बोलतात. मारणाऱ्यांविषयी आणि पाहत उभ्या राहिलेल्यांविषयी आपण बोलू, असे त्यांनी ठरविले. सामान्य जर्मन मनुष्य हिटलरवर का भाळला? त्याला काय दिसत होते? नोकरी मिळाली, राष्ट्राची मान वर झाली, आणि ज्यूंचे म्हणाल तर त्यांनी पूर्वी नको इतकी मोठी जागा बळकावली नव्हती काय, थोडे आवरते घेणे त्यांना नको होते काय? हे सारे १९३८ च्या माणसाच्या मनातले. परंतु सभापतींनी ते त्याच सपाट आवाजात वाचले, ज्या आवाजात स्वतःचे म्हणणे वाचीत होते. अवतरणचिन्हे कागदावर दिसतात, कानाला दिसत नाहीत. थोड्याच वेळात खासदार उठून जाऊ लागले. पन्नासएक जण गेले. त्याच भाषणात पुढे सामूहिक कत्तलीची एका साक्षीदाराने सांगितलेली हकीकत होती, हिमलरचे शब्द होते, आणि बहुसंख्य जर्मनांनी तोंड फिरविले ही स्पष्ट कबुली होती. ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी राहिले नव्हते. ईडा एरे दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसल्याचे छायाचित्र जगभर गेले. भाषण ऐकून त्या कोसळल्या असे लोकांनी मानले. कविता म्हणून आपण इतक्या थकलो होतो की भाषण नीट ऐकलेच नाही, असे त्यांनी मागाहून सांगितले.

आमच्याकडे एका विणकराचे असेच झाले होते. ‘मॅनेजरला बॉयलरात घाला’, हे त्याचे वाक्य म्हणून आरोपपत्रात होते. त्याचे पूर्ण वाक्य असे होते की, असे म्हणणारेही लोक आहेत, आणि त्यांना आवरायचे तर आमचे गाऱ्हाणे ऐका. गेटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला पहिला अर्धाच भाग ऐकू आला. चौकशी दोन बैठकांत आटोपली. कामगार न्यायालयाने त्याला परत घेण्याचा हुकूम दिला तो सात वर्षांनी. तोवर गिरणीला टाळे लागले होते.

येनिंगर यांची चौकशी झालीच नाही. परदेशी वर्तमानपत्रांपैकी काहींनी तर त्यांनी हिटलरची तरफदारी केली असेच छापले. कोल यांनी मित्राला हात दिला नाही. ११ नोव्हेंबरला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, येनिंगर यांनी राजीनामा दिला. त्यांचा दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. ज्यांची माणसे जळाली त्यांच्यापुढे कोणत्या आवाजात बोलावे हे सभापतीला कळावयास हवे होते. त्या दिवशी ज्यू परिषदेचे अध्यक्ष गालिन्स्की यांना बोलू द्या, ही ग्रीन पक्षाची सूचना मानली असती तरी पुष्कळ टळले असते. पण ब्राउन यांनी स्वतःचे मत म्हणून जे सांगितले, तसले मत येनिंगर यांनी दुसऱ्याचे म्हणून, त्याचा धिक्कार करण्यासाठी सांगितले. ब्राउन राहिले, येनिंगर गेले.

भाषण पुढे शांतपणे वाचले गेले तेव्हा पुष्कळांचे मत पालटले. इग्नाट्स बुबिस, जे नंतर जर्मनीच्या ज्यू परिषदेचे अध्यक्ष झाले, त्यांनी त्यातले काही भाग आपल्या एका भाषणात जसेच्या तसे घेतले आणि ती गोष्ट मागाहून स्वतःच उघड केली. ते ऐकताना कोणीही उठून गेले नव्हते. येनिंगर यांना सरकारने १९९१ साली व्हिएन्नाला राजदूत म्हणून धाडले, आणि तेथून पोपच्या दरबारी. २०१८ साली ते वारले. संसदेच्या सभापतीच्या खुर्चीवर त्यांच्या मागून रीटा झ्युसमुट आल्या होत्या. त्या दहा वर्षे होत्या.